म्हाताऱ्या कुत्र्याला नळी नको

रविवारी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत घरोघरी मटण शिजतं आणि पंगत उठली की ताटातल्या नळ्या कुत्र्यापुढं जातात. कुत्रं दहा-बारा वर्षांचं असलं तर मायेनं दोन जास्तच. ‘हाडं चघळली की दात आपोआप साफ होतात’ हे निवृत्ती चौकापासून रंकाळ्यापर्यंत कुणीही छातीठोकपणे सांगेल.

यात तथ्य अजिबात नाही असं नाही. 2016 साली ब्राझीलमध्ये बीगल कुत्र्यांना गुरांची हाडं देऊन पाहिलं, तेव्हा दातांवरचं कीटण बरंच उतरलं. पण उतरलं ते वरवरचं. हिरडीचा आजार हिरडीच्या कडेखाली वाढतो. तिथं जंतू दात धरून ठेवणारं हाडच पोखरतात. नळी तिथवर पोचतच नाही. दात पांढरा दिसतो, मुळं हलायला लागलेली असतात.

शिवाय दात तुटतो. वरच्या जबड्यातल्या सर्वांत मोठ्या दाढेची कपची निघते, आतली नस उघडी पडते, मुळाशी पू होतो आणि सूज येते ती डोळ्याखाली. मग आठवडाभर डोळ्यात थेंब! तोंड उघडून कुणी बघत नाही. जी वस्तू आपल्या गुडघ्यावर जोरात आपटून घ्यायची आपली तयारी नाही, ती कुत्र्याच्या दातांनाही जास्तच टणक, एवढा हिशेब पुरे.

यावर ठरलेला सवाल येतो: ‘जंगलातली कुत्री कुठं ब्रश करतात?’ नाही करत, आणि भोगतात. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आफ्रिकी रानकुत्र्यांच्या 29 कवट्या तपासल्या होत्या. सुमारे निम्म्यांत दात तुटलेले होते, 41 टक्क्यांत हिरड्यांचा आजार हाडापर्यंत गेलेला. आता तरी जंगलाचं नाव काढू नका, राव.

‘खातंय की व्यवस्थित, म्हणजे दुखत नाही.’ कुत्री दुखणं लपवतात. एकाच बाजूनं चावणं, घास खाली पडणं, तोंडाला हात लावू न देणं, या खुणा बघा.

‘म्हातारपणी तोंडाला वास येणारच.’ तो वयाचा नाही, जंतूंचा.

‘या वयात दात साफ करायला भूल दिली तर जाईल.’ वय हा आजार नव्हे. आधी रक्त, मूत्रपिंड, यकृत, हृदय तपासतात आणि त्यावर ठरवतात. भूल न देता दात खरवडून घेण्याला लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जागतिक संघटनाही विरोध करते, कारण हिरडीखालचं कीटण तसंच राहतं.

‘दात काढले तर उपाशी मरेल.’ सडक्या दातापेक्षा रिकामी हिरडी बरी. मऊ जेवण कुत्री सहज खातात.

आपली टूथपेस्ट नको, काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विष आहे. कुत्र्यांसाठीची पेस्ट आणि मऊ ब्रश रोज फिरवा. दातांवरच्या चिकट थराचं कीटण व्हायला दोन-तीन दिवसच लागतात. हिरड्या आधीच सुजलेल्या असतील तर मात्र पहिल्यांदा डॉक्टर, मग ब्रश.

राहिला शेवटचा प्रश्न: नळी नको, तर रस्सा भाकरी चालेल? तोही नको. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बिनमसाल्याच्या अळणी रश्श्यातही कांदा-लसूण असतोच. फोडणीआधी हाडाविना चार तुकडे नुसत्या पाण्यात वेगळे शिजवा आणि भाकरी त्यात कुस्करा.