विजेचा हिशेब : महिन्याऐवजी तासाचा

विजेची बचत करावी, हे आवाहन नवे नाही. तथापि जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, ती जपून वापरणे कठीण असते. जुन्या मीटरची नोंद महिन्यातून एकदा होई आणि बिल हाती पडेपर्यंत वीज खर्च होऊन गेलेली असे. स्मार्ट मीटरमुळे ही स्थिती पालटू लागली आहे.

केंद्र शासनाने जून 2023 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत सुधारणा केली. तदनुसार स्मार्ट मीटरची नोंद दिवसातून किमान एकदा दूरस्थ पद्धतीने घ्यावयाची आहे. दिवसातील आठ सौर तासांत विजेचा दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्क्यांनी कमी असावा, अशीही तरतूद आहे. प्रत्यक्ष दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो. महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावरील सवलत 1 जुलै 2025 पासून मिळू लागली.

यामागील कारण साधे आहे. दुपारी सौर वीज मुबलक असते. सूर्य मावळताच ती थांबते, आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरचे दिवे लागून मागणी वाढते. ती तूट बव्हंशी कोळशावरील केंद्रांना भरून काढावी लागते.

वेळ बदलणे आणि वापर घटविणे

या दोन गोष्टी भिन्न आहेत. गावाच्या पाणीपुरवठ्याचा 5 अश्वशक्तीचा पंप चार तासांत सुमारे 15 युनिट वीज घेतो. तो सायंकाळऐवजी दुपारी चालविल्यास युनिट तेवढेच लागतात, परंतु कोळशावरील भार हलका होतो; पाणी टाकीत साठून राहते, त्यामुळे कोणाची गैरसोयही होत नाही. याउलट 75 वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी 30 वॅटचा पंखा रोज दहा तास वापरल्यास महिन्याला साडेतेरा युनिट खरोखरच वाचतात. मीटर हे दोन्ही दाखवितो. कृती मात्र ग्राहकानेच करावयाची असते.

शंकानिरसन

नव्या मीटरविषयी लोकांच्या मनात शंका आहेत, आणि त्या दुर्लक्षून चालणार नाही. 2024 च्या सुधारणेनुसार नोंदीबद्दल तक्रार आल्यास वीज कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवून किमान तीन महिने वापर तपासावयाचा आहे. हा हक्क ग्रामसभेत समजावून सांगितला गेला पाहिजे.

ज्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही, त्यांना ही माहिती पोहोचली नाही तर सवलतीचा लाभ जाणकारांपुरताच उरेल. ग्रामपंचायतीने सौर तासांचे वेळापत्रक सूचनाफलकावर लावावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आठवडाभर घरच्या मीटरची रोजची नोंद करवून तिचा आलेख काढून घ्यावा. स्वतः मांडलेला हिशेब सहसा विसरला जात नाही, आणि बचतीची सवय तेथूनच लागते.