मळ्याची माती, चुलीची राख

माझ्या स्टुडिओत माती गुजरातमधल्या थानगढहून पोत्यांनी येते, फेल्डस्पार राजस्थानातून. ‘मग यात कोकणाचं काय?’ असं कुडाळच्या बाजारात कुणी ना कुणी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. आमच्याकडच्या गणपतीच्या शाळांत शाडूही गुजरातेतूनच येतो आणि त्या मूर्तीला कोणी परकी म्हणत नाही. तरी तेवढ्यावर माझं समाधान होत नाही.

इथली मळ्यातली लाल माती मडक्यांना उत्तम. आठ-नऊशे अंशांना भाजली की खणखणीत वाजते, पाणी झिरपवते आणि गार ठेवते. स्टोनवेअरची भट्टी साडेबाराशेच्या आसपास जाते. तिथे ही माती फुगते, वाकते. भांड्याच्या अंगासाठी जो दोष, तोच झिलईसाठी गुण. म्हणून ती चाळून, चुलीच्या राखेत कालवून मी भांड्यांवर चढवते. राखेतला चुना मातीला वितळवतो, मातीतलं लोह रंग देतं.

राखेचं काम वेळ खातं. आंब्याचं लाकूड आणि काजूचं लाकूड यांची राख सारखी वागत नाही, त्यामुळे प्रत्येक घरची राख वेगळ्या डब्यात. पाण्यात भिजवली की कोळसा वर तरंगतो, तो काढायचा. वरचं पाणी बुळबुळीत होतं आणि हाताला झोंबतं. तेही ओतून टाकायचं. मग गाळ बारीक चाळणीतून काढायचा.

कच्चं भाजलेलं भांडं या कालवणात बुडवलं की क्षणात पाणी शोषतं आणि अंगावर थर धरतं. भट्टीतून निघाल्यावर काठाशी, जिथे थर पातळ, तिथे गंजासारखा तपकिरी रंग येतो. पोटाला गडद, आणि ओघळ जिथे थांबतो तिथे काळाभोर. ओघळ खाली उतरला तर भांडं फळीला चिकटतं, म्हणून तळाकडची दोन बोटं मी कोरीच ठेवते. तो काळा थेंब मला अजूनही पुन्हा पुन्हा न्याहाळावासा वाटतो.

पावसाळ्यात सगळंच रखडतं. हवेतच इतकी ओल की कप वाळतच नाहीत. कान आधी सुकला आणि अंग ओलं राहिलं की जोडावर चीर पडते. कान प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचे आणि थांबायचं.

सहा कप अगदी एकसारखे हवेत म्हणणाऱ्यांना मी आधीच सांगते, पुढच्या खेपेला रंग हाच येईल असं नाही. गॅस आल्यापासून घरोघरची राखही कमी झाली आहे. सध्या लाकडाची भट्टी असलेल्या एका बेकरीची राख चाचणीच्या तुकड्यांवर लावून बघते आहे. तिच्यात चुना जास्त असावा, कारण झिलई फार पळते. मातीचं प्रमाण वाढवावं लागेल.