शाळेच्या खोल्या नव्या होऊ द्या, झाड जुनंच राहू द्या



शाळेला नव्या खोल्या मंजूर झाल्या की आनंद होतोच. पण त्याच आवारात एखादं जुनं लिंबाचं किंवा चिंचेचं झाड असतं. बीडचं ऊन चाळीस अंशांच्या पुढे जातं, तेव्हा लेकरं खिचडी खायला त्याच सावलीत बसतात. तेवढी सावली नव्या रोपाला धरायला कितीतरी वर्षं लागतात.

“झाड तोडणार नाही” असं ठेकेदाराने सांगितलं की आपण निर्धास्त होतो. पण कुऱ्हाड न लावताही झाड मरतं. पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. त्यावरून जेसीबी, ट्रॅक्टर फिरले की माती दबते, हवा-पाणी आत जात नाही. पायाच्या चरात मुळं तुटतात. सिमेंटचं पाणी बुडाशी ओतलं किंवा मुरमाचा ढीग बुंध्याला लावला, तरी नुकसानच. झाड लगेच वाळत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंडा वाळतो, तेव्हा कारण कुणाला आठवत नाही.

मग काय करायचं?

१. काम सुरू व्हायच्या आधी, फांद्या पसरल्यात तिथपर्यंत बल्ल्या रोवून कुंपण घालून घ्या. आत खडी, वाळू, गाडी काहीच नको.
२. पायाचा चर कुंपणाबाहेर घ्यायला सांगा. जमतच नसेल तर तिथे मशीन नको, हाताने खोदा. मनगटाएवढं मूळ लागलं तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तोडू नका.
३. काम चालू असताना उन्हाळ्यात झाडाला पाणी द्या.
४. बुंध्याला चिकटून फरशी किंवा सिमेंटचा पार नको. माती मोकळी ठेवा.

हे सांगायचा आपल्याला अधिकार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. म्हणजे आपणच! समितीत ठराव घ्या, ग्रामसभेआधीच्या महिला सभेतही विषय मांडा. ज्यांची लेकरं शहरातल्या शाळेत आहेत त्यांनी लक्षात ठेवा: नगरपरिषद हद्दीत १९७५ चा वृक्ष कायदा लागतो. त्यात झाडाला इजा करणं हेसुद्धा झाड तोडण्यातच धरलं आहे. परवानगी वृक्ष प्राधिकरणाची लागते. गावात चिंच, आंबा, जांभूळ तोडायलाही १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची. दिवाळीच्या सुमारास आपल्यातल्या कितीतरी जणी ऊसतोडीला जातात आणि नेमकं तेव्हाच काम सुरू होऊ शकतं. म्हणून निघायच्या आधीच ठराव करा, झाडाचा फोटो काढून ठेवा आणि गावात राहणाऱ्या दोघींवर लक्ष ठेवायची जबाबदारी द्या.

२०२० मध्ये बीडजवळ पालवणला वृक्ष संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदाचा मान वडाच्या झाडाला दिला होता. आपल्या शाळेतल्या झाडाला एवढा मान नको, वेळेवर कुंपण मिळालं तरी पुरे. येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.