वंशावळीचा घोडा : निवड कशी करावी?

गाईसाठी वळू निवडताना चूक झाली, तर ती सुधारण्याची संधी शेतकऱ्यास पुढल्या वेतात मिळते. घोडीच्या बाबतीत ही चूक फार महाग पडते. घोडीचा गर्भकाल सुमारे अकरा महिन्यांचा असतो व तिला एका वेळी बहुधा एकच शिंगरू होते. ते शिंगरू गाडीला किंवा ओझ्याला जुंपण्याजोगे होण्यास आणखी तीन-चार वर्षे लागतात. म्हणजे आज घोडी चुकीच्या घोड्यास दाखविली, तर त्या चुकीचे माप मालकाच्या पदरी सुमारे पाच वर्षांनी पडते. तोपर्यंत चारा, दाणा, औषध आणि मेहनत यांवर झालेला खर्च परत येत नाही.

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत पैदाशीचे उमदे घोडे पाहावयास मिळतात. घोड्याचा मालक त्याच्या बापाचे, आज्याचे नाव अभिमानाने सांगतो. ऐकणारा भारावून जातो आणि फी ठरवून मोकळा होतो. वंशावळ महत्त्वाची आहे यात संशय नाही. परंतु ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे घोडीच्या मालकाने आधी समजून घेतले पाहिजे.

वंशावळ म्हणजे काय?

एखाद्या जातीच्या जनावरांचे आईबाप, जन्मतारीख, रंग व खुणा ज्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या नोंदल्या जातात, तीस वंशावळीची नोंदवही म्हणतात. इंग्लंडातील अवजड ओझी ओढणाऱ्या घोड्यांची संस्था १८७८ साली स्थापन झाली व १८८४ पासून ती ‘शायर’ या जातीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. फ्रान्समधील पर्श प्रांतातील ‘पर्शेराँ’ या ओढकाम करणाऱ्या जातीची नोंदवही १८८३ साली सुरू झाली. यॉर्कशायरमधील ‘क्लीव्हलंड बे’ या गाडीच्या घोड्यांची संस्था १८८४ सालची आहे. या नोंदींमुळे विकत घेणाऱ्यास घोड्याच्या पूर्वजांविषयी सांगोवांगीवर विसंबून राहण्याची गरज उरली नाही.

तथापि, वंशावळीचा हिशेब नीट मांडावा. शिंगराला निम्मे गुण घोड्याकडून व निम्मे घोडीकडून मिळतात. आज्याचा वाटा सरासरीने चौथा हिस्सा आणि पणज्याचा आठवा हिस्सा असतो. म्हणून कागदावर पणज्याचे नाव मोठे असले, परंतु बाप सामान्य असला, तर त्या मोठ्या नावाचे मोल फारसे धरू नये. शिवाय एकाच आईबापांचे दोन सख्खे भाऊ सारखे निपजत नाहीत. वंशावळीवरून घोडा कोठून आला हे कळते. तो स्वतः कसा आहे हे मात्र डोळ्यांनीच पाहावे लागते.

ओझ्याचा घोडा आणि गाडीचा घोडा

कामाप्रमाणे घोड्याची ठेवण वेगळी असते. जड ओझे ओढणारा घोडा रुंद छातीचा, आखूड व भरदार पाठीचा, मांसल पुठ्ठ्याचा आणि जाड हाडाचा असावा. त्याचा खांदा थोडा उभा असला तरी चालतो, कारण त्यास सावकाश चालीने आपले सारे वजन गळपट्ट्यावर टाकावयाचे असते. बग्गी किंवा टांग्याच्या घोड्याचा खांदा तिरपा, मान उंच आणि दुडकी चाल लांब, सरळ व न दमणारी असावी. शायर जातीचा नर सुमारे १७३ सेंटिमीटर व त्याहूनही उंच असतो, तर क्लीव्हलंड बे साधारणतः १६३ ते १६८ सेंटिमीटरांचा असतो. दोन्ही उत्तम घोडे आहेत, पण एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. शिंगराकडून कोणते काम घ्यावयाचे, हे ठरविल्यावाचून घोडा शोधण्यास निघू नये.

इंग्लंडातील फिरते घोडे

वंशावळीचा घोडा पाळणे लहान शेतकऱ्यास परवडत नाही. यावर इंग्लंडातील शेतकऱ्यांनी एक सोपा मार्ग काढला होता. वसंत ऋतूत पैदाशीचा घोडा घेऊन त्याचा रखवालदार पायी गावोगाव फिरत असे. कोणत्या दिवशी घोडा कोणत्या बाजारगावी येणार, त्याची वंशावळ कोणती व फी किती, हे छापलेल्या पत्रकावर दिलेले असे. काही ठिकाणी शेतकरी संस्था स्थापन करून एखादा चांगला घोडा हंगामापुरता भाड्याने आणीत.

पण फिरता घोडा सदोष असेल, तर दोषही त्याच्याबरोबर गावोगाव फिरतो. हे ओळखून तेथे १९१८ साली कायदा करण्यात आला आणि परवान्याशिवाय पैदाशीचा घोडा फिरविण्यास बंदी घालण्यात आली. धावताना घशातून घरघर येणे, खुराजवळील हाडे वाढणे, मोतीबिंदू असणे अशा दोषांपैकी काही आढळल्यास परवाना मिळत नसे. वंशावळ कितीही चांगली असली तरी या नियमास अपवाद नव्हता.

एका घोड्याने जात तगली

क्लीव्हलंड बे जातीची हकीकत बोधप्रद आहे. आगगाडी व मोटार आल्यावर बग्गीच्या घोड्यांस मागणी उरली नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये या जातीचे शुद्ध नर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक होते. अमेरिकेस विकला जाण्याच्या बेतात असलेला ‘मलग्रेव्ह सुप्रीम’ हा तरुण घोडा राणी एलिझाबेथ दुसरी यांनी विकत घेतला व इतरांच्या माद्यांसाठी तो उपलब्ध करून दिला. पुढील सुमारे पंधरा वर्षांत शुद्ध नरांची संख्या ३६ वर गेली.

या हकीकतीला दुसरीही बाजू आहे. थोड्याच नरांपासून वाढलेल्या जातीत बहुतेक जनावरे एकमेकांची जवळची नातलग ठरतात. जवळच्या नात्यातील संयोगाने गर्भधारणा कमी होणे, दुबळी शिंगरे जन्मणे व दडलेले दोष वर येणे असे प्रकार घडतात. म्हणून अशा जातीत वंशावळीचा खरा उपयोग नातेसंबंध टाळण्यासाठी होतो. आपल्याकडेही एखादा घोडा यात्रेत गाजला, की परिसरातील सर्व माद्या त्याच्याकडेच नेल्या जातात आणि पुढे त्याच्या लेकी त्यालाच दाखविल्या जातात. ही चूक टाळावी.

घोडा पाहताना

१. घोडा प्रथम उभा करून पाहावा. पुढून व मागून पाहता पाय सरळ, सांधे स्वच्छ आणि चारही खूर सारख्या आकाराचे असावेत. खूर वाईट असल्यास बाकीचे गुण वाया जातात.

२. नंतर तो कठीण जमिनीवर सरळ रेषेत चालवून व दुडकी चालीने पळवून पाहावा. लंगडण्याची सूक्ष्म खूणही मऊ मातीत लपते.

३. मेहनत झाल्यावर त्याचा श्वास ऐकावा. घरघर किंवा शीळ ऐकू आल्यास तो पैदाशीसाठी घेऊ नये.

४. वरचे व खालचे पुढचे दात एकमेकांवर नीट बसतात की नाही, दोन्ही वृषण उतरलेले आहेत की नाही, हे पशुवैद्यकाकडून पाहून घ्यावे.

५. स्वभाव पाहावा. चावरा, लाथाळ घोडा देखणा असला तरी टाळावा. गाडीच्या जनावराचा शांतपणा हा माणसाच्या जिवाशी निगडित असतो.

६. त्याची आधीची शिंगरे शोधून पाहावीत. निरनिराळ्या माद्यांपासून झालेली पाच-सहा शिंगरे सारखी चांगली असतील, तर तो पुरावा कोणत्याही कागदापेक्षा मोलाचा समजावा.

आपल्याकडे घोड्याचे भोवरे पाहण्याची प्रथा आहे. देवमण असलेला घोडा शुभ, अमुक जागी भोवरा असलेला अशुभ, पंचकल्याणी भाग्याचा, अशा समजुतींवर किंमत चढते व उतरते. भोवऱ्यांची जागा प्रत्येक घोड्यात निराळी असते, म्हणून ओळख पटविण्यासाठी त्यांची नोंद अवश्य करावी. परंतु भोवऱ्याचा पायाच्या मजबुतीशी किंवा चालीशी काही संबंध नाही. चांगला घोडा भोवऱ्यासाठी नाकारू नये आणि लंगडा घोडा देवमणासाठी स्वीकारू नये.

घोडीचा वाटा

‘घोडा मोठा आणा, शिंगरू मोठे होईल’ असा समज सर्वत्र आढळतो. १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी यासंबंधी केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रचंड शायर व चिमुकल्या शेटलंड जातींचा कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर घोडीच्या पोटी जन्मलेले संकरित शिंगरू हे शेटलंड घोडीच्या संकरित शिंगरापेक्षा जन्मतः सुमारे तिप्पट वजनाचे भरले. दोन्हींत रक्त निम्मे-निम्मेच होते. फरक पडला तो आईच्या गर्भाशयामुळे. वाढ पूर्ण झाल्यावरही हा फरक पुष्कळ अंशी टिकून राहिला.

यावरून दिसते की, लहान व कमी पोसलेल्या घोडीस उंच घोडा दाखवून उंच शिंगराची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. बांधा बेढब होण्याचा धोका मात्र राहतो. घोडा घोडीपेक्षा थोडा उंच व तिच्यातील उणीव भरून काढणारा असावा. घोडीची निवड व तिचा खुराक यांकडे तितकेच लक्ष द्यावे. भीमा-नीरा खोऱ्यातील भीमथडी घोडे उंचीने लहान, पण काटक असतात. मेंढरांबरोबर फिरणारे धनगर बांधव त्यांच्यावर बिऱ्हाड लादून नेतात. अलीकडच्या वर्षांत या जातीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद झाली आहे. अशा घोड्या केवळ उंचीच्या हव्यासाने परक्या जातीच्या घोड्यास दाखवू नयेत. जातीचा काटकपणा एकदा गेला की परत आणणे दुष्कर असते.

रोगाची तपासणी

यात्रा व पैदास या दोन्ही निमित्तांनी जनावरे एकत्र येतात आणि रोग पसरतो. ग्लँडर्स हा रोग घोडा, गाढव व खेचर यांना होतो व माणसासही होऊ शकतो. नाकातून चिकट स्राव, नाकात व्रण आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे होत. काही जनावरे वरून निरोगी दिसत असतानाही रोग बाळगतात. महाराष्ट्रात २००६ साली या रोगाचा प्रादुर्भाव झाला होता. संशय येताच कळविणे २००९ च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून घोडी दाखविण्यापूर्वी दोन्ही जनावरांच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या रोगाच्या तपासणीची सोय असून, नमुने पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवावेत.

वेळ आणि नोंद

दिवस मोठे होऊ लागले की घोड्या नियमित माजावर येतात. माज पाच ते सात दिवस टिकतो व सुमारे एकवीस दिवसांनी पुन्हा येतो. स्त्रीबीज माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी सुटते, म्हणून पहिल्याच दिवशी घोडी दाखवून परतण्याने बहुधा गर्भ राहत नाही. माजाच्या तिसऱ्या दिवसापासून घोडी नाकारीपर्यंत एक दिवसाआड दाखवावी. पंधरा-सोळा दिवसांनी सोनोग्राफीने गर्भ तपासून घ्यावा. जुळी असल्यास ते वेळीच कळते. घोडीस जुळी धोक्याची असतात.

संयोगाची तारीख, घोड्याचे नाव, त्याच्या खुणा व मालकाची सही असलेली चिठ्ठी जपून ठेवावी. शिंगरू जन्मल्यावर त्याच कागदावर जन्मतारीख, रंग, पांढरे पट्टे व भोवरे लिहावेत. इंग्लंड-फ्रान्सातील जाडजूड नोंदवह्या अशाच चिठ्ठ्यांपासून तयार झाल्या.

ग्रामसेवकांनी व पशुधन पर्यवेक्षकांनी आपल्या गावातील घोड्यांच्या मालकांना यात्रेपूर्वी एकत्र बोलावून ही माहिती वाचून दाखवावी आणि गावात अशी एक वही सुरू करून द्यावी. टांग्यांचे दिवस सरत आल्याने घोड्यांचे काम कमी झाले आहे. निकृष्ट शिंगरास आज गिऱ्हाईक मिळत नाही आणि त्याचे हाल होतात. म्हणून जन्मास येणारे प्रत्येक शिंगरू विचारपूर्वक जन्मास आणणे हे मालकाच्या हिताचे आहे व त्या मुक्या जनावराच्याही.