घरीं आलेली जुनी गॅसची शेगडी

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांतील केनवडसारख्या गांवांत ज्या कुटुंबांतील मुलें-सुना नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस राहतात, त्या घरांत शहरांतून उतरलेल्या वस्तूंचा ओघ नेहमींच चालू असतो. थोरल्याकडे नवें कपाट आलें कीं जुनें गांवीं येतें; धाकट्यानें नवा पंखा घेतला कीं जुना माजघरांत लागतो. त्याच रीतीनें आतां गॅसची शेगडीहि येऊं लागली आहे. भाद्रपदांत महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुरणाचा घाट असतो, पंगती वाढतात, आणि एक शेगडी जास्त असली तर बरें, असें घरांतील सर्वांसच वाटतें. चांगली चालणारी वस्तु भंगारांत न टाकतां आपल्याच माणसांच्या उपयोगीं पाडणें ही काटकसर आम्ही स्तुत्यच समजतों. मात्र कपाट आणि शेगडी यांत एक महत्त्वाचा भेद आहे. कपाट कोणत्याहि घरांत चालतें. शेगडी एका ठराविक वायूसाठीं व ठराविक दाबासाठीं बनविलेली असते. हा भेद ध्यानांत न घेतां ती जोडली, तर काटकसरीची किंमत फार मोठी पडण्याचा संभव असतो. म्हणून वापरलेली शेगडी घरीं आल्यावर काय पाहावें, काय स्वतः करावें आणि काय मुळींच करूं नये, याचा थोडा विचार येथें करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

वायूच्या ज्योतीशीं महाराष्ट्राचा परिचय तसा जुना आहे. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे लागले. सिलिंडरांतून मिळणारा वायु बर्मा-शेल कंपनीनें १९५५ मध्यें प्रथम मुंबईंतच विक्रीस आणला. पुढें तो शहरांतून तालुक्यांच्या गांवीं आणि तेथून खेड्यांत पोहोंचला. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें तर ज्या घरांत पूर्वीं केवळ चूल होती, तेथेंहि सिलिंडर आला. इकडे ही वाढ होत असतां मोठ्या शहरांत दुसराच बदल घडत होता. मुंबईंत १९९५ सालीं महानगर गॅस आणि पुण्याकडे २००६ सालीं महाराष्ट्र नॅचरल गॅस या कंपन्या स्थापन झाल्या, आणि तेथील अनेक घरांत सिलिंडर जाऊन नळानें वायु येऊं लागला. पुण्याहून गांवीं येणारी शेगडी पुष्कळदां अशा नळाच्या वायूवर चाललेली असते, आणि खरी मेख येथेंच आहे.

सिलिंडरांतील वायु म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचें मिश्रण. नळाचा वायु म्हणजे मुख्यतः मिथेन. दोन्ही निळ्या ज्योतीनें जळतात, पण सारख्याच आकारमानांत सिलिंडरच्या वायूची उष्णता नळाच्या वायूच्या सुमारें अडीचपट असते. शिवाय सिलिंडरचा रेग्युलेटर दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम इतका दाब ठेवतो. घरगुती नळाचा दाब त्याहून कमी असतो. म्हणून प्रत्येक वायूसाठीं शेगडीच्या आंतील जेटचें छिद्र निराळ्या मापाचें लागतें. सिलिंडरसाठीं तें बारीक, नळासाठीं मोठें. शहरांत नळाची जोडणी देतांना कंपनीचा माणूस जुन्याच शेगडीचे जेट बदलून देतो आणि शेगडी बाहेरून पूर्वींसारखीच दिसते. तीच शेगडी गांवीं आणून सिलिंडरला लावली म्हणजे मोठ्या छिद्रांतून जोरकस वायु बाहेर पडतो. त्याला पुरेल इतकी हवा मिळत नाहीं. ज्योत उंच, पिवळी व धुरकट होते. भांडीं काजळतात, आणि पदर किंवा बाही पेट घेण्याची भीति वाढते. तेव्हां शेगडी पाठविणाऱ्यास पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, ती शेवटीं कोणत्या वायूवर चालत होती. नळाच्या वायूवर चालत असल्यास वितरकाकडील अनुभवी कारागिराकडून सिलिंडरचे जेट बसवून घेतल्यावांचून ती जोडूं नये. जेट घरीं बदलूं नये. छिद्र सुई घालून साफ करण्याचा मोहहि टाळावा, कारण सुईनें तें मोठें होतें.

या दोन वायूंत आणखी एक फरक आहे व त्याचा संबंध आपल्या घरांच्या बांधणीशीं येतो. मिथेन हवेपेक्षां हलका, म्हणून गळला तर वर जातो. सिलिंडरचा वायु हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, म्हणून तो पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो व सखल जागीं सांचतो. गांवाकडील जुन्या घरांत खिडक्या उंचावर, उंबरठे चढते आणि स्वयंपाकघर माजघराच्या आंत असतें. अशा खोलींत वरची खिडकी उघडी आहे एवढ्यावर निश्चिंत राहतां येत नाहीं. परसदार उघडें राहील, किंवा भिंतीच्या तळाशीं जाळी बसविलेली एखादी मोरी मोकळी असेल, अशीच जागा शेगडीसाठीं निवडावी. हवेच्या शंभर भागांत या वायूचे सुमारें दोन भाग झाले कीं मिश्रण पेट घेऊं शकतें, आणि सिलिंडरांतील एक लिटर द्रवाचा सुमारें अडीचशें लिटर वायु होतो. यावरून थोडीशी गळतीहि किती जागा व्यापील, याची कल्पना यावी.

आतां शेगडीकडे वळूं. प्रथम आय्. एस्. आय्. चें चिन्ह आणि त्याखालीं ४२४६ हा मानकाचा आंकडा आहे कीं नाहीं तें पाहावें. नंतर बर्नर उचलून त्यांचीं छिद्रें व आंतील नळ्या तपासाव्या. कित्येक महिने माळ्यावर पडलेल्या शेगडींत कोळी, झुरळें किंवा कुंभारमाशी यांनीं घर केलेलें आढळतें. त्यामुळें वायु अडून मागें फिरतो व चावीजवळ पेटतो. चाव्या सहज फिरल्या पाहिजेत आणि बंद केल्यावर ठाम थांबल्या पाहिजेत. घट्ट चावीला खोबरेल किंवा शिवणयंत्राचें तेल घालण्याची चाल कांहीं घरांत आहे, ती सर्वथैव सोडावी. उष्णतेनें तें तेल वाळतें आणि चावी अधिकच अडते. त्यासाठीं निराळें ग्रीस असतें व तें कारागिरानेंच लावावें. वर काच असल्यास तिला तडा आहे का, पाये समान आहेत का, आणि नळी जेथें बसते तें पितळी टोंक झिजलें किंवा वांकलें आहे का, हेंहि पाहावें. यांपैकीं टोंक किंवा चाव्या निकामी असतील आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर शेगडी आनंदानें भंगारांत द्यावी. तेथें जिव्हाळ्याचा विचार करूं नये.

शेगडीबरोबर तिची जुनी नळी आली असेल, तर ती कापून टाकावी, म्हणजे पुन्हां कोणी लावणार नाहीं. रबर उन्हानें, तेलानें व वयानें आंतून तडकतें आणि बाहेरून धडधाकट दिसतें. नवी नळी वितरकाकडूनच घ्यावी. तारेची जाळी असलेली नारिंगी रंगाची ‘सुरक्षा’ नळी मिळते, तिच्यावर ९५७३ हा मानकाचा आंकडा असतो, आणि ती पांच वर्षांनीं बदलावयाची असते. तिची लांबी दीड मीटरपेक्षां जास्त नसावी. दोन तुकडे जोडून लांबी वाढवूं नये, भिंतींतून किंवा बंद फडताळांतून ती नेऊं नये, शेगडीच्या तापल्या भागास टेकूं देऊं नये. दिसावयास बरी म्हणून तिच्यावर कापडी खोळ घालूं नये, कारण खोळीखालीं पडलेला तडा कोणास दिसत नाहीं. सणासाठीं एकाच सिलिंडरवर फांटा काढून दोन शेगड्या चालविण्याचा उद्योग तर अगदींच घातक. दुसरी शेगडी हवी, तर दुसरा सिलिंडर व दुसरा रेग्युलेटर हवा. रेग्युलेटरहि शहरांतून पेटींत घालून पाठविण्याची वस्तु नव्हे. तो ज्या त्या जोडणीच्या नांवावर वितरकाकडून मिळतो.

सिलिंडर नेहमीं उभा, सपाट जमिनीवर आणि शेगडीहून खालच्या पातळीवर असावा. म्हणजेच शेगडी ओट्यावर किंवा भक्कम दगडी फरशीच्या बैठकीवर हवी. सोंवळ्यांत खालीं बसून स्वयंपाक करण्याची ज्यांस संवय आहे, त्या वडीलधाऱ्या बायकांना हें प्रथम अडचणीचें वाटेल. परंतु जमिनीवर शेगडी आणि शेजारीं सिलिंडर ही मांडणी या जड वायूला मुळींच मानवत नाहीं. सिलिंडरच्या वरच्या कड्याखालील पट्टीवर एक अक्षर व सालाचा आंकडा असतो. ए म्हणजे वर्षाचे पहिले तीन महिने, बी पुढचे तीन, याप्रमाणें डी पर्यंत. ही त्याच्या पुढील तपासणीची मुदत. मुदत टळलेला सिलिंडर घेऊंच नये. तोंडाचें टोपण काढल्यावर आंत रबराची कडी शाबूत आहे, हेंहि पाहून घ्यावें.

जोडणीच्या वेळीं घरांतील सर्व विस्तव विझवावा. त्यांत देवघरांतील समई व उदबत्तीहि आली. दारें उघडीं ठेवावींत. शेगडीच्या सर्व चाव्या आणि रेग्युलेटर बंद असल्याची खात्री करून नळीचें एक टोंक शेगडीवर व दुसरें रेग्युलेटरवर शेवटच्या खांचेपर्यंत घट्ट बसवावें, आणि मगच रेग्युलेटर सिलिंडरवर चढवावा. आतां रेग्युलेटर उघडावा, पण चाव्या बंदच ठेवाव्या. वाटींत साबणाचें पाणी करून तें मऊ कुंचल्यानें दोन्ही सांध्यांवर, रेग्युलेटरच्या बुडाशीं व चाव्यांच्या मुळाशीं लावावें. बुडबुडे वाढूं लागले तर गळती आहे असें समजावें व तात्काळ सर्व बंद करावें. काडी ओढून गळती शोधणारे शूर लोक अजून आढळतात. त्यांना स्वयंपाकघराच्या बाहेरच ठेवावें हें बरें.

बुडबुडे नसतील तर एकेक बर्नर पेटवून ज्योत पाहावी. ती निळी, स्थिर व छिद्रांवर बसलेली असावी. पिवळी टोंकें हवा कमी पडल्याची खूण. ज्योत बर्नरपासून सुटून वर उचलली जात असेल, तर हवा जास्त होते. फट् असा आवाज होऊन ती आंत शिरत असेल, तर नळी तुंबली आहे किंवा बर्नर नीट बसला नाहीं. तिन्ही प्रसंगीं शेगडी बंद करून कारागिरास दाखवावी.

या वायूला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यांत इथिल मर्कॅप्टन नांवाचें उग्र द्रव्य मिसळतात. तो वास आला कीं विजेचें कोणतेंहि बटण लावूं नये आणि लावलेलें बंदहि करूं नये, कारण ठिणगी दोन्ही वेळां पडते. विस्तव असेल तो विझवावा, रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडरला टोपण घालावें, परसदार व पुढचें दार उघडावें, मुलांना व म्हाताऱ्यांना अंगणांत न्यावें, आणि बाहेर आल्यावरच १९०६ या क्रमांकावर कळवावें. तेथें अहोरात्र मदत मिळते.

शेवटीं एक गोष्ट कुटुंबाच्या व्यवस्थेविषयीं सांगावयाची आहे. एकत्र कुटुंबांत चार हात स्वयंपाकाला लागतात, त्यामुळें रात्रीं रेग्युलेटर कोणी बंद करावयाचा, हें पुष्कळदां ठरलेलेंच नसतें. सासूबाईंना वाटतें सूनबाईंनीं केला, सूनबाईंना वाटतें जाऊबाईंनीं केला, आणि तो रात्रभर उघडा राहतो. हें काम एका व्यक्तीच्या नांवानें ठरवून द्यावें. तसेंच वर सांगितलेली साबणाच्या पाण्याची परीक्षा केवळ कर्त्या पुरुषालाच ठाऊक असून भागत नाहीं; तो तर दिवसाचा बराच वेळ शेतावर किंवा कचेरींत असतो. जी दिवसांतून दोन-तीन वेळां शेगडीपुढें उभी राहते, तिला ही परीक्षा प्रथम आली पाहिजे. आणि घरांतील जाणत्या मुलामुलींनाहि वास आल्यावर काय करावें हें पाठ असलें पाहिजे. शहरांतील भावानें प्रेमानें पाठविलेली शेगडी अवश्य वापरावी. तिच्यासाठीं नवी नळी, योग्य जेट आणि कारागिराची मजुरी एवढा खर्च मात्र पहिल्याच दिवशीं करावा, आणि तो झाल्यावांचून तिच्यावर चहाचें आधणहि ठेवूं नये.