बेटावरची वीज आणि मामाची थ्री फेज

घारापुरी म्हटलं की आपल्याला लेणी आठवतात, त्रिमूर्ती आठवते आणि गेटवेहून सुटणारी लाँच आठवते. १९८७ साली युनेस्कोच्या यादीत गेलेलं हे ठिकाण. पण या बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं आहेत आणि शेवटची लाँच गेल्यावर तिथे माणसं राहतात, हे कितीजणांच्या लक्षात असतं? या तीन गावांना कायमची वीज मिळाली फेब्रुवारी २०१८ मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७० वर्षांनी! समोर मुंबईचे दिवे रात्रभर चमकतायत, आणि इकडे संध्याकाळी साधारण तीन तास डिझेल जनरेटर. तो बंद झाला की अंधार.

इतक्या जवळ असून एवढा उशीर का? आणि शेवटी समुद्रातून केबलच का टाकली, सोलर का नाही? सेमिनारचा विषय शोधताना हे प्रश्न डोक्यात बसले, ते काही निघेनात. म्हणून हा लेख.

आधी डिझेलचं बघू. बेटांवर जगभर पहिला येतो तो जनरेटर, कारण तो आणून ठेवला की लगेच चालतो. पण डिझेल बोटीने आणावं लागतं, त्यामुळे लिटरचा भाव किनाऱ्यावर एक आणि बेटावर दुसरा. शिवाय लोड फार कमी असला की इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी साठते. गावात रात्री अकरानंतर चार पंखे आणि दोन बल्ब, एवढ्यासाठी मोठा सेट चालवणं परवडत नाही. म्हणून 'तीन तास'. हे तीन तास गावाची गरज बघून ठरत नाहीत, मशीन आणि डिझेलचं बिल बघून ठरतात.

आता केबल. महावितरणने घारापुरीला सुमारे साडेसात किलोमीटरची २२ केव्हीची केबल समुद्रतळातून नेली. खर्च साधारण २५ कोटी रुपये. तिन्ही गावांत ट्रान्सफॉर्मर बसले. एवढ्याशा वस्तीसाठी एवढा पैसा, असं म्हणणारे भेटतात. पण इथे थोडी आकडेमोड केली पाहिजे. जमिनीखालची किंवा पाण्याखालची केबल म्हणजे एक लांबच लांब कपॅसिटर. आत तांबं किंवा ॲल्युमिनियम, मध्ये इन्सुलेशन, बाहेर धातूचं कवच. एसी सप्लाय दिला की हा कपॅसिटर सेकंदाला ५० वेळा भरतो आणि रिकामा होतो, त्यासाठी करंट लागतो, आणि तो करंट गिऱ्हाइकाच्या काहीच कामाचा नसतो. किलोमीटरला पाव मायक्रोफॅरड धरा, फेजचं व्होल्टेज १२.७ केव्ही. ओमेगा, सी, व्ही यांचा गुणाकार करा. उत्तर येतं किलोमीटरला जवळजवळ १ अँपिअर. म्हणजे घारापुरीला साडेसात अँपिअर वाया. काहीच नाही!

तेच गणित लक्षद्वीपच्या कवरत्तीसाठी करून बघा. कोचीपासून अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ४०० अँपिअर नुसतेच येरझाऱ्या घालणार, आणि केबलची करंट वाहायची ताकद त्यातच संपणार. व्होल्टेज वाढवलं तर हा करंट आणखी वाढतो. डीसी केबल टाकली तर कपॅसिटरचा प्रश्न मिटतो, पण दोन्ही टोकांना कन्व्हर्टर स्टेशन लागतं. अख्ख्या लक्षद्वीपची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६४ हजारांच्या आसपास होती, तीही दहा बेटांवर विखुरलेली. त्यांच्यासाठी एवढं कोण करणार? म्हणून घारापुरीला केबल बरोबर आणि कवरत्तीला नाही. 'बेट' हा शब्द एकच, पण साडेसात किलोमीटर आणि चारशे किलोमीटर हे इंजिनिअरिंगचे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मग कवरत्तीला सोलर. जानेवारी २०२४ मध्ये तिथे १.७ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला, सोबत १.४ मेगावॅट-तासाची बॅटरी. बातमीत 'बॅटरीसह सौर ऊर्जा' असं वाचलं की वाटतं, चला, आता रात्रीचाही प्रश्न सुटला. पण मेगावॅट आणि मेगावॅट-तास यातला फरक विसरू नका. (व्हायव्हात हमखास विचारतात.) १.४ ला १.७ ने भागा. प्रकल्प पूर्ण ताकदीने चालत असेल तर ती बॅटरी पन्नास मिनिटांत भरते. म्हणजे ही बॅटरी रात्र काढण्यासाठी नाही. ढग आला की सोलरचं उत्पादन झपकन पडतं, तो झटका सोसण्यासाठी ती आहे. रात्र अजून डिझेलवरच जाते.

याउलट पॅसिफिकमधलं ताउ नावाचं बेट बघा, अमेरिकन सामोआमधलं. वस्ती सहाशेच्या आत. २०१६ मध्ये तिथे १.४ मेगावॅटचं सोलर बसलं आणि बॅटरी ६ मेगावॅट-तासाची! ऊन नसतानाही ती तीन दिवस पुरेल असा हिशोब. पॅनेल जवळजवळ कवरत्तीएवढंच, बॅटरी चौपटीहून जास्त, माणसं थोडी. सोलरचे आकडे बघताना पहिला प्रश्न 'किती मेगावॅट' असा विचारू नये, 'सूर्य मावळल्यावर किती तास' असा विचारावा, असं माझं मत झालंय.

बॅटरी महाग पडते म्हणून काहीजण पाणीच साठवतात. स्पेनच्या कॅनरी बेटांमधलं एल हिएरो. तिथे २०१४ पासून ११.५ मेगावॅटच्या पवनचक्क्या आहेत, आणि जास्तीच्या विजेवर पाणी साधारण साडेसहाशे मीटर वर, ज्वालामुखीच्या जुन्या विवरात चढवतात. वारा पडला की तेच पाणी खाली सोडून टर्बाईन फिरवायचं. २०१९ मध्ये ते सलग चोवीस दिवस डिझेलशिवाय चालले. वर्षाच्या हिशोबात मात्र डिझेलला सुट्टी मिळालेली नाही.

आपल्याकडे हे तंत्र नवं नाही. घाटघरला २५० मेगावॅटचं केंद्र याच पद्धतीचं आहे, आणि आपल्या उजनीलासुद्धा १२ मेगावॅटचं टर्बाईन पाणी परत वर चढवता येईल असं आहे. भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल? पण उंची हवी. हजार लिटरची टाकी १०० मीटर वर चढवली तर तिच्यात साठते फक्त पाव युनिटच्या थोडी वर वीज. घाटघरला चारशे मीटरच्या वर उंची मिळते, म्हणून जमतं. इंदापूरच्या सपाट माळावर ती कुठून आणायची?

आता उजनीचं नाव निघालंच आहे तर मामाकडे येते. इंदापूर तालुक्यात बॅकवॉटरच्या कडेला त्याची वस्ती आहे, ऊस आहे, पाणी डोळ्यांसमोर आहे. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे इलेक्ट्रिसिटी म्हणजे स्विच दाबला की येते ती, एवढंच ज्ञान. मामाकडे कळलं की 'लाईट' दोन जातींची असते. सिंगल फेज, जिच्यावर बल्ब आणि टीव्ही चालतो. आणि थ्री फेज, जिच्यावर मोटर चालते, जी दिवसाला आठ तास येते आणि एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की मामा एक-दीड वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघतो. मामी म्हणते, "अहो, काठी घ्या, परवा त्या तिकडच्या उसात बिबट्या दिसलाय."

मी मामाला घारापुरीच्या तीन तासांचं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग आमचं काय वेगळं आहे? त्यांच्या चहूबाजूंनी पाणी, आमच्या चहूबाजूंनी टाईमटेबल."

यात मला एक तांत्रिक मुद्दा दिसला. घारापुरीच्या बाईला वीज हवी संध्याकाळी सातनंतर, म्हणजे सूर्य नेमका नसताना. मामाला वीज हवी दिवसा आणि साठवायचं आहे ते पाणी, वीज नाही! विहीर किंवा शेततळं हीच त्याची बॅटरी. तिथे लिथियम नको, कन्व्हर्टर नको. म्हणजे सोलर खरं शोभतं ते मामाला. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच विचारावर उभी आहे: सबस्टेशनजवळच्या जमिनीवर सोलर, आणि त्याची वीज दिवसा तिथल्याच शेतीच्या फीडरला. २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला पंपाच्या किमतीचा १० टक्के वाटा भरावा लागतो, बाकी अनुदान. पावसाळ्यात ढग असतात, पण तेव्हा मोटरही कमी लागते. साखर कारखान्यांची बगॅसवरची वीज मात्र हंगामाबरोबर येते आणि हंगामाबरोबर जाते. उन्हाळ्यात उसाला पाणी सर्वात जास्त लागतं, नेमकी तेव्हा चिमणी थंड.

राहिला प्रश्न वाटून घेण्याचा. स्कॉटलंडमधल्या एग बेटावर शंभरेक माणसं राहतात. २००८ पासून त्यांचं स्वतःचं ग्रिड आहे: पाणी, वारा, ऊन आणि अडीअडचणीला डिझेल. तिथे नियम असा की एका घराने एका वेळी ५ किलोवॅटपेक्षा जास्त वापरायचं नाही. श्रीमंत असो की गरीब, मर्यादा तीच. ओलांडली की घराची वीज बंद. आपल्या हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर दीड किलोवॅटचे तीन हीटिंग रॉड चालतील, चौथा लावला की गेली! फरक एवढाच की हॉस्टेलला रॉड जप्त करायला रेक्टर मॅडम येतात आणि आपण ते गादीखाली लपवतो. एगच्या लोकांनी बेट १९९७ मध्ये स्वतःच विकत घेतलं, ग्रिड स्वतः उभं केलं आणि मर्यादाही स्वतःच घालून घेतली. डिझेलचे तीन तास आणि रात्रीची थ्री फेज या मर्यादा दुसऱ्या कोणीतरी ठरवलेल्या.

म्हणूनच घारापुरीला 'सोलर कंदील देऊन भागवा' म्हणणं मला पटत नाही. दुकानात फ्रिज चालायचा असेल, मुलांना रात्री अभ्यास करायचा असेल, तर किनारा साडेसात किलोमीटरवर असताना त्यांना कंदिलावर का ठेवायचं? केबल हीच तिथली योग्य वीज होती, फक्त फार उशिरा आली. मामाने या दिवाळीत सौर पंपाचा फॉर्म भरलाय. मी त्याला पॅनेलचा कोन समजावून सांगत होते, तर तो म्हणाला, "कोन नंतर. आधी सांग, उसाची सावली पडेल का त्याच्यावर?" प्रश्न बरोबर होता. ऊस बारा फूट वाढतो. पॅनेल कुठे बसवायचं ते पुढच्या सुट्टीत टेप घेऊन मोजणार आहोत.