पातेल्यावरची कल्हई आणि धातूंची नावं
घाटकोपरच्या आमच्या घरात आईचं पितळी पातेलं अजून रोज चुलीवर चढतं. आतून कथलाचा लेप नसेल तर त्यात चिंचेची आमटी कळकते. या लेपाला आपण कल्हई म्हणतो, तो शब्द अरबीतून आला. कथील मात्र संस्कृत ‘कस्तीर’वरून, आणि त्याची सोयरीक थेट ग्रीक ‘कासितेरोस’शी. रशियनमध्ये कथलाला ‘ओलोवो’ म्हणतात, चेक भाषेत तोच शब्द शिशाचा! पोलाद फारसी, रशियात तेच ‘बुलात’ झालं, तलवारीचं पोलाद. लोखंड मात्र अस्सल आपलं: लोह अधिक खंड. ॲल्युमिनियमच्या भांड्याला ‘जर्मन’चं भांडं म्हणणारी माणसं अजून घरोघरी आहेत. त्यांच्याकडून असे शब्द आजच लिहून घ्या.